व्यापारधर्म : वही दुकानाची, माहिती कोणाची?

दिवाळीच्या अमावास्येला पहाटे मंदिरात निर्वाणलाडू अर्पण केला जातो आणि संध्याकाळी त्याच घरातील मंडळी दुकानात वहीपूजनाला बसतात. बारामतीच्या मारवाड पेठेत काय किंवा इंदापूरच्या जुन्या बाजारपेठेत काय, हा क्रम अनेक पिढ्यांचा आहे. पूजेत नाणी असतात, हळद-कुंकू असते. पण मानाची जागा असते ती लाल बांधणीच्या वहीला. कपाटातील माल विकला जातो, पुन्हा भरला जातो. वही मात्र वडिलांकडून मुलाकडे जाते. कोण गिऱ्हाईक कोणत्या महिन्यात काय नेतो, कोणाची उधारी केव्हा फिटते, कोणत्या गावाला कोणता माल चालतो, हे सारे तिच्यात असते. दुकानाचे खरे भांडवल तेच होय.

आज पूजेच्या पाटावर वहीशेजारी संगणक ठेवला जातो. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या मोबाइलवरून रोज कंपन्यांकडे मागणी नोंदवली जाते, त्या मोबाइलमधूनही एक वही लिहिली जात असते. आणि ती वही दुकानात राहत नाही. ती कोणाकडे जाते, तिचा उपयोग कोण करतो आणि त्या बदल्यात दुकानाला काय मिळते, हे प्रश्न बहुतेक घरांत अजून विचारले गेलेले नाहीत. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून बी.कॉम. होऊन बाहेर पडलेला मुलगा दुकानाच्या गादीवर बसणार की पुण्यात नोकरी धरणार, या निर्णयाचा या प्रश्नांशी फार जवळचा संबंध आहे.

वहीला काय कळत असे, ते आधी पाहावे. इंदापूर तालुक्यातील बागायतीचा मोठा आधार म्हणजे नीरा डावा कालवा, खडकवासल्याचा कालवा आणि उजनीचे पाणी. आवर्तन केव्हा सुटणार यावर खताच्या गोण्या केव्हा उचलल्या जाणार हे ठरते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि चहापावडर, गूळ, तेल, बिस्किटांच्या लहान पुड्यांना उठाव येतो. उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली की उधारी फिटते आणि पाठोपाठ कापड, भांडी, पंखे यांची खरेदी होते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते गादीवर बसून मिळवलेले होते आणि त्याच्याच बळावर पेठेतील दुकानदार मालाची मागणी वेळेवर नोंदवीत असे.

आता मागणी नोंदवण्याची रीत पालटली आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरचे ‘शिखर’ हे अॅप देशातील दहा लाखांहून अधिक दुकानांनी स्वीकारले आहे. इतर मोठ्या कंपन्यांनीही अशीच व्यवस्था उभी केली आहे. दुकानदाराची सोय यात निश्चितच आहे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या सेल्समनची वाट पाहावी लागत नाही, रात्री दुकान बंद केल्यावरही मागणी नोंदवता येते, स्कीम डोळ्यांसमोर दिसते. माल पूर्वीप्रमाणेच वितरकाच्या टेम्पोतून येतो. पण पूर्वी कंपनीला वितरकाने किती माल उचलला एवढेच ठाऊक असे. आता कोणत्या दुकानाने कोणत्या दिवशी कोणता नग किती मागवला, हे तिला थेट दिसते.

दुसरीकडे याच कंपन्या आपल्या संकेतस्थळांवरून आणि मोठ्या ऑनलाइन बाजारांतून ग्राहकाला थेट विक्री करू लागल्या आहेत. म्हणजे जो पुरवठादार तोच स्पर्धक, आणि त्या स्पर्धकाच्या हाती दुकानाची वही, अशी स्थिती निर्माण होऊ शकते.

उदाहरणादाखल समजा, भिगवण चौकाजवळील एका विद्युत उपकरणांच्या दुकानाने एका कंपनीचा नवा मिक्सर ठेवला. पहिले दोन महिने कोणी विचारले नाही. दुकानदाराने तो फोडून दाखवला, चटणी वाटून दाखवली, बिघडल्यास स्वतः पाहू असा शब्द दिला. हळूहळू महिन्याला दहा नग जाऊ लागले. कंपनीच्या पडद्यावर बारामतीच्या नावापुढे आकडा चढला. हमीपत्राची नोंदणी करताना गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांकही कंपनीकडे गेले. पुढच्या सणाला त्या क्रमांकांवर सवलतीचा संदेश आला आणि दुकानात उभे राहून एक ताई म्हणाल्या, “शेठ, हाच मिक्सर मोबाइलवर चारशेनं कमी दाखवतोय.” येथे कोणी चोरी केली असे म्हणता येत नाही. माहिती दुकानदारानेच दिली होती. तरीही आठ महिन्यांची मेहनत त्याची आणि पीक दुसऱ्याचे, असे घडले.

मग माहिती देऊच नये का? असे म्हणणे सोपे आहे, पण शहाणपणाचे नाही. पुरवठादाराला माहिती हवी असते त्याला एक खरे कारण आहे. गिऱ्हाइकाचा खप बहुधा स्थिर असतो. दुकानदाराची मागणी मात्र थोडी हलते, वितरकाची अधिक हलते आणि कारखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्या हेलकाव्याचे वादळ होते. प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीला लहान मुलांच्या लंगोटांच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवले. मुले रोज तितकेच लंगोट वापरत होती, पण वितरकांच्या मागण्या उसळत आणि कोसळत होत्या. चाबकाची मूठ जराशी हलली की टोक जोरात फटकारते, तसा हा प्रकार असल्याने अभ्यासकांनी त्याला चाबकाचीच उपमा दिली आहे.

याचा अनुभव आपल्या पेठांनी नुकताच घेतला. 3 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटी परिषदेने साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्के करण्याचे ठरवले आणि 22 सप्टेंबरपासून तो लागू झाला. मधल्या दिवसांत लोकांनी दात घासणे थांबवले नव्हते. तरीही दुकानांनी माल भरणे आवरते घेतले, वितरकांकडे जुन्या किमतीचे खोके पडून राहिले आणि कंपन्यांच्या विक्रीला त्या तिमाहीत धक्का बसला. दुकानात प्रत्यक्ष किती माल शिल्लक आहे आणि किती खपतो आहे, हे पुरवठादाराला कळले. आणि जुन्या मालाचा फरक कसा मिळणार, हे दुकानदाराला वेळेवर कळले, तर असे धक्के सौम्य होतात. माहितीची देवाणघेवाण दोघांच्याही हिताची आहे ती या अर्थाने. अट एवढीच, की ती देवाणघेवाण असावी. केवळ देवाण असू नये.

देवाणघेवाण कशी असते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1942 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या एशियन पेंट्स या कंपनीने 1970 च्या सुमारास, भारतात संगणक दुर्मीळ असताना, तो विकत घेतला. कोणत्या गावात कोणत्या छटेचा किती लिटरचा डबा केव्हा लागेल, याचा अंदाज ती बांधू लागली. घाऊक व्यापाऱ्याला वगळून ती थेट दुकानापर्यंत पोहोचली, हा त्या काळच्या घाऊक पेठेला बसलेला फटकाच होता, हे विसरता येत नाही. परंतु किरकोळ रंगविक्रेत्याला तिने त्याच्या माहितीचा मोबदला दिला. माल इतक्या वरचेवर मिळू लागला, की त्याला शेकडो डब्यांत पैसा गुंतवून ठेवण्याची गरज उरली नाही. पुढे रंग मिसळण्याचे यंत्र दुकानात आले आणि थोड्या डब्यांतून हजारो छटा देता येऊ लागल्या. दुकानदाराने माहिती दिली, कंपनीने त्याचे अडकलेले भांडवल मोकळे केले. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी लिहिला गेला.

जेथे तो एकाच बाजूने लिहिला जातो, तेथे संघर्ष उभा राहतो. डिसेंबर 2021 मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने बड्या कंपन्यांना पत्र लिहिले. जिओमार्ट, मेट्रो, उडान यांसारख्या मोठ्या खरेदीदारांना जो भाव मिळतो, तोच पारंपरिक वितरकालाही मिळावा, अन्यथा 1 जानेवारी 2022 पासून असहकार, असा तो इशारा होता. महाराष्ट्रातील वितरक या लढ्यात आघाडीवर होते आणि काही कंपन्यांचा ठरावीक माल न उचलण्याची सुरुवातही येथूनच झाली. त्यानंतर कंपन्या चर्चेला बसल्या. या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वितरकांनी ऑनलाइन व्यापार बंद करा असे म्हटले नव्हते. समान वागणूक मागितली होती. आणि ती एकट्यादुकट्याने न मागता संघटितपणे मागितली, म्हणून तिची दखल घेतली गेली.

माहितीच्या गैरवापराचा प्रश्न जगातही गाजला आहे. युरोपीय आयोगाने अॅमेझॉनविरुद्ध चौकशी केली, तिचा गाभा हाच होता: अॅमेझॉनच्या बाजारात माल विकणाऱ्या स्वतंत्र व्यापाऱ्यांची आतली माहिती वापरून अॅमेझॉन स्वतःची विक्री वाढवते काय? डिसेंबर 2022 मध्ये, त्या व्यापाऱ्यांची खासगी माहिती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही, अशी हमी अॅमेझॉनने दिली आणि आयोगाने ती बंधनकारक केली. भारतात स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये, दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून, अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. ठरावीक मोबाइल केवळ एकाच संकेतस्थळावर बाजारात आणणे, हा त्यातील एक मुद्दा होता. आपल्याकडे 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तो व्यक्तीच्या माहितीसाठी आहे. दुकानाच्या खपाचे आकडे हा त्याचा विषय नव्हे. ते संरक्षण दुकानदाराने करारातूनच मिळवावे लागते.

शेतीमालाच्या पट्ट्यातील कृषी सेवा केंद्रांची गोष्ट आणखी बोलकी आहे. अनुदानित खताची विक्री 2018 पासून देशभर यंत्रावर, आधारच्या ठशासह नोंदवली जाते. कोणत्या शेतकऱ्याने किती गोण्या नेल्या, हे आता केवळ दुकानदारालाच ठाऊक असते असे नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून परवानाधारकांना कीटकनाशके ऑनलाइन विकण्याची मुभा दिली. आता आपले दुकान संपले, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. प्रत्यक्षात पुण्यात मुख्यालय असलेल्या अॅग्रोस्टारने काय केले ते पाहावे. ‘मिस्ड कॉल’ आणि अॅपवरून शेतकऱ्याला थेट बियाणे-औषधे पोहोचवणारी ही कंपनी पुढे गावोगावच्या दुकानांचे जाळे विणू लागली. डाळिंबावर तेल्या दिसला की इंदापूरचा शेतकरी पान तोडून हातात घेतो आणि दुकान गाठतो. त्याला औषध हवे असते, त्याबरोबर धीर आणि ऊस जाईपर्यंतची उधारीही हवी असते. थेट विक्री करणाऱ्यांना अखेर दुकानाकडे यावे लागले, याचा अर्थ दुकानाजवळ देण्यासारखे काही आहे. मग ते देताना त्याचे मोलही सांगता आले पाहिजे.

या विषयाची नैतिक बाजू जैन व्यापाऱ्याला परकी नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार आणि साकारमंत्रभेद हे दोन आहेत. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’त न्यासापहाराचा अर्थ मोठा सूक्ष्म दिला आहे. एखाद्याने सोने ठेव म्हणून ठेवले, किती ठेवले याचा त्याला विसर पडला आणि त्याने कमी मागितले. अशा वेळी ‘बरोबर, एवढेच होते’ असे म्हणून मोकळे होणे म्हणजे न्यासापहार. ठेव हिसकावून घेतलेली नाही, ठेवणाऱ्याच्या अज्ञानाचा लाभ उठवला, एवढेच. आपण अॅपवर किती माहिती ठेवली आहे, हे ज्या दुकानदाराला ठाऊकच नाही, त्याची स्थिती त्या विस्मरणशील ठेवीदारासारखीच नव्हे काय? साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याच्या हालचालींवरून, भुवयांच्या चलनवलनावरून त्याचा मनोदय ताडणे आणि मत्सराने तो उघड करणे. आजचे संगणक माणसाच्या बोटांच्या हालचालींवरून त्याचा मनोदय ताडतात. आचार्यांनी ज्या दोषाची नोंद केली, त्याला आता यंत्राची जोड मिळाली आहे.

मात्र हा आरसा केवळ कंपनीपुढे धरून भागणार नाही. गिऱ्हाइकाची उधारी, त्याच्या घरातील आजारपण, मुलीच्या लग्नाची खरेदी, हे सारे दुकानदाराकडे ठेव म्हणूनच आलेले असते. गल्ल्यावर बसून चारचौघांत ‘त्यांचे बिल अजून थकले आहे’ असे बोलणे, किंवा गिऱ्हाइकांच्या क्रमांकांची यादी कोणा विक्रेत्याला सहज देऊन टाकणे, हाही तोच अतिचार होय. जो स्वतः ठेव जपतो, त्यालाच दुसऱ्याकडे ठेवीचा हिशेब मागण्याचा अधिकार पोहोचतो.

आता व्यवहाराकडे वळावे. पहिली गोष्ट, दुकानाची स्वतःची नोंद असलीच पाहिजे. कंपनीच्या अॅपवरील मागणीचा इतिहास ही दुकानाची वही नव्हे. अॅप बंद झाले की तो इतिहासही गेला. विक्रीचे, शिल्लकीचे आणि गिऱ्हाइकांचे हिशेब आपल्याच संगणकात किंवा वहीत असावेत. दुसरी, कोणतेही अॅप स्वीकारताना ते मोबाइलमधील काय काय वाचण्याची परवानगी मागते, हे घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी बसून पाहावे. मागणी नोंदवण्यासाठी संपर्कयादीची गरज नसते. तिसरी, माहिती देताना मोबदला ठरवून घ्यावा. भाव उतरणार असेल तर पूर्वसूचना, जुन्या मालाचा फरक, मुदत संपत आलेला माल परत घेणे आणि ऑनलाइन असेल तीच स्कीम दुकानालाही, या चार मागण्या रास्त आहेत. चौथी, हमीपत्रासाठी घेतलेले गिऱ्हाइकांचे क्रमांक थेट विक्रीसाठी वापरणार नाही, किंवा त्या क्रमांकावरून आलेल्या मागणीचा माल जवळच्या दुकानातूनच देऊन त्याला त्याचे मार्जिन मिळेल, असे लेखी असावे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे एकट्या दुकानदाराने मागितले तर कंपनीचा अधिकारी हसून चहा पिऊन जाईल. बारामती आणि इंदापूर या दोन पेठांमध्ये सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर आहे. माल देणाऱ्या कंपन्या मात्र बहुतेक त्याच आहेत. दोन्ही गावांच्या व्यापाऱ्यांनी मिळून एकच पत्र लिहिले, तर ते वाचले जाईल. 2022 चा अनुभव हेच सांगतो.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘इतकी वर्षे कंपनीवर विश्वास ठेवून धंदा केला, आता करार कसले?’ आणि तरुण म्हणतील, ‘दुकानाचे दिवस संपले, सगळे ऑनलाइनच जाणार.’ दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. ज्या संस्थेच्या महाविद्यालयात बारामतीच्या कित्येक व्यापारी घरांतील मुले शिकली, तिने ‘अनेकान्त’ हे नाव धारण केले आहे. या वादातही एका बाजूचे सत्य पुरे पडत नाही. कंपनीला कारखाना अखंड चालवायचा असतो, म्हणून तिला खप दिसायला हवा. गिऱ्हाइकाला दोन पैसे वाचवायचे असतात, त्यात गैर काही नाही. दुकानदाराला आपल्या मेहनतीचे फळ हवे असते आणि तेही न्याय्य आहे. तिघांचेही म्हणणे ऐकून जो व्यवहार आखला जाईल, तोच टिकेल.

तोपर्यंत एक लहानसे काम प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे. येत्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर, नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहून झाले की दुसऱ्या पानावर एक यादी करावी. आपल्या दुकानाची कोणती माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, ती केव्हापासून जाते आणि तिच्या बदल्यात आजवर काय मिळाले, असे तीन रकाने आखावेत. यादी मुलाने किंवा मुलीने लिहावी, वडिलांनी सांगावी. तिसऱ्या रकान्यातील जी जागा कोरी राहील, तिथूनच पुढच्या वर्षीची बोलणी सुरू करावीत.